दादाच्या टीमचा सेंटर हाफ

तुमचं लग्न कसं जमलं, असं नातसुना विचारतात तेव्हा ‘आमच्या दादानं जमवलं’ एवढंच मी सांगते. खोटं नाही ते. फक्त त्या वर्षी दादाच्या डोक्यात फुटबॉल होता, माझं लग्न त्याच्यात कुठूनतरी येऊन बसलं, हे सांगायचं टाळते.

आर्वीला कापूस बाजाराच्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून दुकान दादानं सांभाळलं, आणि आम्हालाही. घरात माय, दादा, वहिनी आणि मी. मी मॅट्रिकला नापास होऊन घरी बसले होते. दादाला विडीचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचा नाद नव्हता. दुकानातून उठून तो दुसरीकडे कुठे जायचा तर मैदानावर. जिनिंग फॅक्टरीच्या बाजूला मुरमाची मोकळी जागा होती, तिथं पावसाळाभर फुटबॉल चाले. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागत, मैदानात बैल बांधले जात, आणि मग पुढच्या आषाढापर्यंत खेळ बंद.

दादा टीमचा कॅप्टन. स्वतः बॅकला खेळायचा, अनवाणी, घोट्याला पट्टी गुंडाळून. पुलगाव, हिंगणघाट, वर्धा, अशा ठिकाणी टीम जायची. पूर्वी आर्वीच्या टीमला लोक वचकून असत. तेव्हा एक शाळामास्तर सेंटर हाफला खेळायचे. त्यांची बदली चांद्याकडे झाली आणि टीम जी हरायला लागली ती हरतच गेली.

वहिनीनं एकदा जेवताना विचारलं, “एका माणसाचं एवढं काय?”

दादानं ताटातली वाटी मध्ये सरकवली. मिठाची, चटणीची, लोणच्याची भांडी आजूबाजूला मांडली. “हा मधला,” तो म्हणाला. “समोरून बॉल आला का यानंच अडवाचा. अडवला का पुढच्या पाचाइले यानंच द्याचा. कोणाले द्याचा, कवा द्याचा, हे यालेच समजलं पाह्यजे. हा चुकला का पुढचे उपाशी, मागचे हैराण.”

“मंग आणा एखादा,” वहिनी म्हणाली.

“दुकानात भेटते का तो?” दादा चिडून म्हणाला आणि हात धुवायला उठला. वरण तसंच राहिलं.

दोन पावसाळे तो शोधत होता. आधी जिनिंगमधला एक फिटर घेतला. अंगानं दणकट, पण बॉल मिळाला की तो कुणाला द्यायचाच नाही, स्वतःच घेऊन पळायचा. मग तहसील कचेरीत एक कारकून आला, नागपूरला कॉलेजात खेळलेला. त्याच्याकडे बूट होते. चिखल झाला की त्याचं पोट दुखायचं. पुलगावच्या मॅचच्या दिवशी त्यानं स्टेशनावर निरोप पाठवला आणि टीम दहाजणांत खेळली. त्या संध्याकाळी दादा घरी आला तो घोट्याची पट्टीही न सोडता ओट्यावर बसला. माय म्हणाली, “खेळच हाये न बापा.” तर त्यानं तांब्या असा आपटला की तो ओट्यावरून खाली गेला.

मग तिसरा आला. छप्पनच्या दसऱ्याला आमच्या भागातून गाड्या भरभरून लोक नागपूरला गेले होते, बौद्ध होऊन आले होते. त्यांच्याच वस्तीतला हा तरुण वर्ध्याला शिकून आला होता आणि शाळेत मास्तरकीची वाट बघत होता. दादानं त्याला मैदानाच्या कडेला दुसऱ्या पोरांबरोबर खेळताना पाहिलं आणि टीममध्ये घेतलं. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा टीम जिंकली. दादा घरी आला तो हसत. मायला म्हणाला, “सोन्यावानी खेळला पोरगा. मागं पाह्याचं कामच नाई पडलं मले.”

मग टीम एका गावाला खेळायला गेली. जिंकली. तिथल्या एका शेठच्या घरी जेवण होतं. दहाजणांची पानं ओसरीत मांडली आणि त्याचं एकट्याचं अंगणात, गोठ्याच्या बाजूला. तो पानावर बसला नाही. कपड्यांची पिशवी उचलली आणि एकटाच स्टेशनाकडे चालू लागला. बाकीचे जेवले. दादाही जेवला.

हे मला नंतर कळलं. तो परत येईना म्हणून दादानं त्याला दुकानात बोलावून घेतलं. मी मागच्या खोलीत गहू निवडत होते, मधे नुसता पडदा होता.

“काऊन येत नाई बा तू खेळाले?” दादानं विचारलं.

“खेळाले येतो न दादा. तुमी कॅप्टन होते. माह्यं पान अंगणात मांडलं तवा तुमी काऊन बोलले नाई, तेवढं सांगा.”

दादानं पारड्यातली वजनं एकेक करून खाली ठेवली. मग म्हणाला, “घर त्याइचं होतं. मी काय बोलू?”

“हाव,” तो म्हणाला. “मंग टीम तुमची हाये. मी काय खेळू?” आणि गेला. आवाज चढवला नाही त्यानं.

दादानं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. मला वाटलं, तो त्याच्या घरी जाईल. गेला नाही. टीममधले दोघंतिघं संध्याकाळी आले, ओट्यावर बसून म्हणाले, गेला ते बरंच झालं, उगाच जिथंतिथं वाद. दादानं त्यांनाही काही म्हटलं नाही. हरलेल्या मॅचपेक्षा त्याचं ते गप्प बसणं मला जास्त खुपलं. पण मोठ्या भावाला तेव्हा कोण विचारणार?

त्याच हिवाळ्यात सरकारी दवाखान्यात नवा कंपाउंडर आला. हिंगणघाटचा. आईबाप नव्हते, मामाच्या घरी वाढलेला, गिरणीच्या मैदानावर खेळून तयार झालेला. कापसाच्या गाड्या हटल्यावर दादानं त्याला एकदा मैदानावर नेलं. परत आल्यावर वहिनीला म्हणाला, “भेटला.” मग आडनाव सांगितलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. आडनाव आमच्याच जातीतलं होतं.

कंपाउंडर खानावळीत जेवायचा. दादानं त्याला आधी रविवारी, मग जवळजवळ रोजच घरी जेवायला आणायला सुरुवात केली. उंच, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. माय भाकर वाढायला गेली की हात आडवा धरून “पुरे” म्हणायचा, आणि मायनं वाढली की निमूट खायचा. दादा बोलत राहायचा: कुठली टीम कशी खेळते, कुणाचा डावा पाय चांगला. तो मान हलवायचा. माझ्याकडे त्यानं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. मी मात्र पाहिलं होतं. त्याच्या बोटांना औषधांचे डाग असायचे.

त्याची नेमणूक तात्पुरती होती. कधीही परत बोलावलं असतं. माझ्यासाठी तेव्हा आंजीचं एक स्थळ आलं होतं. घरची शेती, चार माणसं घरात. मायला ते पसंत होतं. पण एक दिवस दादा म्हणाला, “आंजीवाले काही पुढं बोलून नाई राह्यले,” आणि लगेच दुसऱ्या दमात कंपाउंडरचं नाव काढलं.

माय म्हणाली, “त्याले ना घर ना दार. सण आला तर पोरीनं जावं कोणाच्या घरी?”

“इथंच राहीन न आपल्या डोयासमोर,” दादा म्हणाला. “तुले तेच पाह्यजे न?”

ते ऐकून माय विरघळली. मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली, म्हणजे हो म्हटलं. मनातून मला बरंही वाटलं. गावातच राहायचं, माय जवळ, आणि तो माणूस मला वाईट वाटला नव्हता.

वैशाखात लग्न झालं. हळदीच्या दिवशी अंगणात बायका गात होत्या. टीममधली पोरं मांडवाच्या कामाला आली होती. त्यातल्या एकानं हळद लावलेल्या माझ्याकडे पाहून मोठ्यानं म्हटलं, “बाई, आमचा सेंटर हाफ नीट सांभाळजो बरं! कॅप्टननं तुले देऊन आणला त्याले!”

सगळे हसले. बायकाही हसल्या. मीही हसले, कारण हसायचं असतं. पण संध्याकाळी वहिनी माझे केस धुवायला बसली तेव्हा मी विचारलं. वहिनीला खोटं बोलता येत नसे. ती पाणी ओतत राहिली आणि सांगत राहिली. आंजीवाल्यांना दादानंच नकार कळवला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन, कंपाउंडर आता आमचा जावई होणार, त्याला इथंच राहू द्या, म्हणून शब्द टाकला होता. कंपाउंडरला काय सांगून तयार केलं, ते मात्र तिला माहीत नव्हतं.

“मायले ठाऊक हाये?” मी विचारलं.

“नाई. अन् तूबी सांगू नोको. आता हळद लागली.”

मी सांगितलं नाही. सांगून होणार काय होतं?

दादानं आम्हाला घराच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या बघून दिल्या. नवा संसार म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी दारात दादाची हाक. “चला पाव्हणे!” हे चहाचा कप ठेवून उठत, धोतर सोडून अर्धी चड्डी घालत आणि निघत. उशिरा येत ते चिखलानं भरलेले. मी पाणी तापवून ठेवी. आमच्यात बोलणं थोडंच व्हायचं. माणूस चिडका नव्हता, कधी वेडंवाकडं बोलला नाही. पण मला एकच विचार पोखरायचा: यांनी मला घेतलं, की दादानं गळ्यात घातलं म्हणून राहू दिलं? आणि जेवताना यांनी “मीठ बरोबर हाये” म्हटलं, तरी मला वाटायचं, हे पाहुण्यासारखं बोलतात.

पावसाळ्यात टीम जिंकायला लागली. वर्ध्याला जिंकली, हिंगणघाटला तर यांच्या मामाच्या गावात जिंकली. दादा रस्त्यानं ताठ चालायला लागला. दुकानात गिऱ्हाईक गूळ मागायचं आणि दादा त्याला मॅच सांगायचा. आमच्याकडे आला की आधी विचारायचा, “पाव्हण्याचा घोटा कसा हाये?” मी कशी आहे हे मायला विचारायचा, मला नाही.

श्रावणात मला दिवस गेले. माय हरखली. यांनी दवाखान्यातून लोहाचं औषध आणून दिलं, बाटलीवर रेघ मारून दिली आणि म्हणाले, “एवढंच घ्याचं. जेवल्यावर.” त्या दिवशी ते मैदानावर उशिरा गेले. पहिल्यांदाच.

पुलगावच्या स्पर्धेत टीम फायनलला पोचली. आर्वीची टीम कितीतरी वर्षांत तिथवर गेली नव्हती. फायनलच्या सकाळी मी चूल पेटवायला उठले आणि कंबरेत कळ आली. थोड्या वेळानं रक्त दिसलं. मी काही बोलायच्या आधीच यांना समजलं. यांनी मला खाली घोंगडीवर निजवलं, पायाखाली उशी दिली आणि शेजारच्या बाईला नर्सबाईकडे धाडलं. त्यांचे हात थंड होते हे मला अजून आठवतं.

तेवढ्यात दारात हाक आली. “चला पाव्हणे, गाडीचा टाइम झाला!”

हे दारापाशी गेले. मला तिथून दोघंही दिसत होते. दादाच्या खांद्यावर बॉलची जाळी होती, मागे रस्त्यात टीमची पोरं उभी होती.

“मी येत नाई दादा,” हे म्हणाले. “हिची तब्येत बिघडली.”

दादानं आत पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. क्षणभर तो आत येतो की काय असं वाटलं. “काय झालं? नर्स बोलावली न? मंग हिची वहिनी येते, माय येते. बायाइचं काम हाये हे. आपण संध्याकाळच्या गाडीनं वापस.”

“नाई.”

“फायनल हाये आज!”

“माहीत हाये.”

“तुमच्याबिगर कसं खेळाचं?”

दादाचा आवाज चढला. रस्त्यातली पोरं ऐकत होती, मी ऐकत होते.

“माही बहीण कायच्यासाठी देली मंग तुले?”

एवढ्या दिवसांत दादानं यांना पहिल्यांदाच ‘तुले’ म्हटलं. म्हटल्याबरोबर त्याला समजलं असावं, कारण त्यानं जाळी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि खाली पाहिलं.

“ते मले ठाऊक हाये दादा,” हे म्हणाले. “तुमी जा. गाडी सुटन.” आणि यांनी दार लोटलं.

नर्सबाई आल्या, माय आली. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. मूल राहिलं नाही. माय माझ्या डोक्यापाशी बसून रडत होती आणि मी तिला आंजीचं सगळं सांगून टाकलं. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण अंगात राग धरून ठेवायचीही शक्ती नव्हती. माय रडायची थांबली. मग उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही.

टीम हरली, हे दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. दादा आलाच नाही. वहिनी रोज डबा घेऊन यायची आणि जायची. मायनं दादाशी काय बोलणं केलं ते मला माहीत नाही. वहिनी एवढंच म्हणाली, “दोघं एका घरात जेवतात, पण बोलत नाईत.”

मी उठून बसायला लागले तेव्हा एका दुपारी यांना विचारलं. हे औषधाची बाटली हलवत होते.

“तुमाले लग्नाच्या आधीच माहीत होतं?”

“काय?”

“दादानं मले कायले देलं ते.”

“साऱ्या दवाखान्याले माहीत होतं,” हे म्हणाले. “मले वाटलं तुलेबी माहीत असन.”

“मंग हो काऊन म्हटलं?”

त्यांनी बाटली खाली ठेवली. “तुही माय नाई म्हटलं तरी भाकर वाढे. मामाच्या घरी कोणी वाढत नव्हतं, आपली घ्याची. मले वाटलं, असं घर भेटते तर काऊन नाई म्हणाचं?” मग म्हणाले, “खेळ मले कधी तेवढा आवडला नाई. मामाच्या घराबाहेर राहाले बरा होता. म्हणून खेळे.”

मी वाट पाहिली, माझ्याबद्दल काहीतरी म्हणतील. ते म्हणाले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, आणि खूप दिवस वाटत राहिलं. त्या सकाळी ते माझ्यासाठी दारात उभे राहिले होते, हे कळूनही वाटलं. माणसाचं मन असं असतं. आज एवढ्या वर्षांनी मी त्यांची बाजू घेते: त्यांनी निदान खरं सांगितलं. दुसरा असता तर गोड बोलला असता.

हे पुन्हा मैदानावर गेले नाहीत. टीमची पोरं एकदोनदा दारावर आली. हे म्हणाले, “घोटा धरते.” पोरांना ते खोटं आहे हे कळत होतं, पण त्यांनीही ताणलं नाही. दिवाळी झाली, मैदानात कापसाच्या गाड्या लागल्या. पुढच्या पावसाळ्यात टीम उतरलीच नाही. दादा दुकानातच बसायला लागला.

त्याआधीच यांनी स्वतःहून बदली मागून घेतली होती. हिंगणीच्या दवाखान्यात जागा मिळाली. बोरच्या जंगलाच्या बाजूचं गाव, आर्वीच्या मानानं आडरान. निघताना माय आणि वहिनी आल्या. दादा दुकानातच होता. आमची बैलगाडी दुकानापुढून गेली. त्यानं मान वर केली नाही. तराजूच्या पारड्यात काहीतरी घालत-काढत राहिला.

हिंगणीत माझे पहिले महिने फार वाईट गेले. ओळखीचं कुणी नव्हतं. पण तिथं संध्याकाळी दारात हाक येत नसे. दवाखाना आटोपला की हे घरी येत, ओट्यावर बसत आणि हळूहळू बोलायला लागले. मामाच्या घरचं, आईचं जेवढं आठवतं तेवढं. मी ऐकत असे. कधीतरी मीही बोलायला लागले. एकदा यांनी हिंगण्याच्या झाडाचं फळ आणून दाखवलं, त्यानं कपडे कसे धुतात ते सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून एक चादर धुतली आणि ती आणखीच मळली. त्या दिवशी मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

पुढे मुलगी झाली. तिच्या बारशाला मायला न्यायला हे स्वतः आर्वीला गेले. माय आणि वहिनी यांच्याबरोबर आल्या. दादाला यांनी बोलावलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

बारशाच्या दिवशी दुपारी बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. मी दाराकडे पाहिलं तर बाहेर रस्त्यात दादा उभा. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात बाळाचं झबलं बांधलेला कागद. बसमधून उतरून तो किती वेळ तिथं उभा होता कोण जाणे. केस पिकले होते. मला पाहून त्यानं आत यायला पाऊल टाकलं नाही, मागेही गेला नाही. मला त्याला ‘ये’ म्हणायचं होतं, आणि म्हणायचंही नव्हतं.

यांनी पाहिलं. न्हाणीतल्या बादलीतून तांब्या भरून घेतला आणि दारात गेले.

“या दादा,” हे म्हणाले. “पाय धुवा. आत या, जेवण व्हाचं हाये अजून.”

दादानं पाय धुतले. आत आला, पाळण्यापाशी थांबला, झबल्याचा कागद माझ्या हातात दिला. माझ्याशी तो त्या दिवशी काहीच बोलला नाही, मीही नाही. पंगतीत तो यांच्या शेजारी बसला. दोघं पावसाबद्दल बोलले, कपाशीबद्दल बोलले. मायनं यांना आणखी एक पुरी वाढली, तेव्हा यांनी हात आडवा धरला नाही.